काय गा, देविदास

"आसनपट्टी आबद्ध केल्याविना प्रस्थान अशक्य आहे," गाडी म्हणाली.

देविदासराव गावंड्यांनी पट्टा केव्हाच लावला होता. गाडीच्या कॅमेऱ्याला दिसावा म्हणून त्यांनी तो अंगठ्यानं ताणून दाखवला.

"लावलाय."

"आपली आज्ञा समजली नाही. कृपया स्पष्ट मराठीत सांगावे."

"अरे, लावलाय ना पट्टा! हा काय!"

"'हा काय' या नावाचे ठिकाण आपल्या परिसरात आढळले नाही."

शेजारच्या सीटवर हेमलताबाई लग्नाचा अहेर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुहूर्त टळायला आला होता. वर्गात अडलेल्या मुलाला सांगावं तशा आवाजात त्या हळूच म्हणाल्या, "अहो, 'मी आसनपट्टी आबद्ध केली आहे' असं म्हणून बघा."

देविदासरावांनी तसं म्हटलं. गाडी लगेच निघाली.

त्या काळात सगळ्याच गाड्या बोलत असत. स्टिअरिंग होतं, पण ते धरायची वेळ फक्त गल्लीबोळात यायची. मोठ्या रस्त्यावर गाडी आपली आपण चालायची. बटणं तेवढी नाहीशी झाली होती. काच खाली करायची तर गाडीला सांगायचं, हवा कमी करायची तर गाडीला सांगायचं. आणि सांगितलेलं तिला कळायचं नाही. नाशिकच्या सिग्नलवर उभं राहिलं की शेजारच्या प्रत्येक गाडीत कुणीतरी लाल झालेला माणूस समोरच्या काचेकडं बघून एकच वाक्य चार तऱ्हांनी म्हणताना दिसायचा.

हे असं का व्हायचं, ते समजून घेण्यासारखं आहे. यंत्राला भाषा शिकवायची म्हणजे त्याला ढीगभर मजकूर द्यायचा. एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, एवढंच ते शिकतं. पण इतक्यांदा शिकतं की शेवटी बोलू लागतं. लहान मूलही काहीसं असंच शिकतं. पण मुलाला शिकवणारी माणसं त्याला अंघोळ घालताना बोलतात, वाढताना बोलतात, रागावून बोलतात. गाड्यांना मराठी शिकवली गेली ती परिपत्रकांवरून आणि मिक्सर-फ्रिजबरोबर येणाऱ्या भाषांतरित पत्रकांवरून, कारण सहज हाताशी असलेला मजकूर तेवढाच होता. ज्या मुलाशी जन्मल्यापासून फक्त परिपत्रकंच बोलली, ते मूल मोठं झाल्यावर जसं बोलेल, तशी गाडी बोलत होती.

मग संशोधकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. यंत्राशी बोलताना माणसंही मापून, उसन्या भाषेत बोलतात. पण ठेच लागली, दूध उतू गेलं, समोरून कुणी आडवा घुसला, की मेंदू शब्द निवडत बसत नाही. जी भाषा सगळ्यांत आधी कानावर पडली, तीच तोंडातून निसटते. तेव्हा त्यांनी नव्या यंत्राला सांगितलं, माणसाच्या आज्ञांवरून त्याची भाषा ओळखू नकोस, वैतागावरून ओळख. गावोगावचे बाजार, पार, दवाखान्यांच्या रांगा इथं टिपलेल्या बोलींचा मोठा साठा त्यांनी यंत्रात आधीच भरून ठेवला. त्यातली कोणती बोली अंगावर चढवायची, ते मालकाच्या तोंडून निसटलेल्या शब्दांवरून ठरायचं. पुढं मालकाशी बोलता बोलता ती बोली त्याच्या घराच्या वळणावर जायची. आपलं खासगी बोलणं कंपनीकडं जाईल अशी लोकांना भीती होती. म्हणून ही सगळी स्मृती गाडीतच, नखाएवढ्या एका चिपमध्ये राहायची. तिची दुसरी प्रत कुठंही नसायची.

मुलीनं, क्षितिजानं, बंगळुरूहून फोन करून ही नवी सोय आई-बाबांच्या गाडीत बसवून घेतली. "बाबा, तुम्ही फक्त गाडीत बसून वैतागा," ती म्हणाली. "बाकी सगळं तिचं ती बघेल."

"ते मला छान जमतं," देविदासराव म्हणाले.

द्वारका चौकात त्यांना फार वाट पाहावी लागली नाही. भाजीचा एक टेम्पो उलट्या बाजूनं आला आणि त्यांच्या गाडीच्या नाकासमोर तिरका घुसला. गाडीनं करकचून ब्रेक लावला. देविदासरावांच्या तोंडून निसटलं, "अबे, काऊन मंधात घुसून रायला, बह्याडा!"

गाडी टेम्पोला वाट द्यायला थोडी मागं सरकली. मग म्हणाली, "जाऊ द्या ना भाऊ. त्याले घाई असन."

देविदासराव आधी दचकले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, चष्मा काढावा लागला. हेमलताबाईही हसल्या. नवऱ्याला इतकं हसताना पाहून त्यांना बरं वाटलं. त्या दिवशी बरं वाटलं.

देविदासराव मूळचे अकोल्याकडचे, पूर्णेच्या काठच्या गावातले. टेलिफोन खात्यात लागून नाशिकला आले आणि इथलेच झाले. हेमलताबाई कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातल्या. त्या शिक्षिका होऊन नाशिकला आल्या. दोघांचं लग्न शाळेच्या मुख्याध्यापिकेनं जुळवलं. घरात पहिल्यापासून मुलांचा राबता. शाळा सुटली की हेमलताबाईंच्या हॉलमध्ये सतरंजी पसरली जायची आणि ज्यांना वाचताना अडखळायला व्हायचं ती मुलं येऊन बसायची. निवृत्तीनंतरही ते चालूच होतं. या घरात सगळे स्वच्छ, नीट, पुस्तकात शोभेल असं बोलायचे. देविदासरावही. त्यांच्या तोंडी "मले" आणि "तुले" ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आता ते खाली पार्किंगमध्ये ऐकू येत होतं.

गाडी दोन-चार दिवसांतच 'भाऊ'वरून 'देविदास'वर आली. "काय गा, देविदास, कोठी चाललं आज?" असं ती विचारायची. देविदासरावांना अशी हाक मारणारी त्यांची थोरली बहीण होती, गावचे दोन मित्र होते. बहीण गेली, मित्रही गेले. त्यानंतर ते कुणाचे 'गावंडे साहेब' होते, कुणाचे 'काका', कुणाचे 'बाबा' आणि हेमलताबाईंचे 'अहो'. 'गा' म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. आता एक गाडी होती.

ते कोथिंबीर आणायला गाडी काढू लागले. कोथिंबीर सोसायटीच्या फाटकाशीच मिळायची. मग मखमलाबादच्या बाजूला वांगी चांगली मिळतात असा त्यांना शोध लागला. मग गाडी रोज थोडा वेळ चालू ठेवली नाही तर बॅटरी खराब होते, असं ते सांगू लागले.

"असं कुठं लिहिलंय?" हेमलताबाईंनी विचारलं.

"लिहिलं नाहीये कुठं. अनुभव आहे."

"कुणाचा अनुभव? ही आपली पहिलीच विजेची गाडी."

"म्हणूनच जपायला हवी," असं म्हणून ते किल्ली घेऊन गेलेसुद्धा.

गॅलरीतून खाली पाहिलं की गाडीचं छत दिसायचं. आणि काचेतून त्यांचा हात. तो हात बोलत होता. तळवा वर, तळवा खाली, बोटांची चिमूट. हेमलताबाईंनी इतकी वर्षं तो हात ताटावर, वर्तमानपत्रावर, औषधाच्या डबीवर पाहिला होता. त्याला असं बोलता येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेजारच्या कुलथे वहिनी जिन्यात भेटल्या. "बाई, काका हल्ली भलतेच खुशीत असतात हो! काल मी कचरा टाकायला गेले तर एकटेच गाडीत बसून खो-खो हसत होते. म्हटलं, फोनवर कुणी मैत्रीणबित्रीण आहे की काय!"

"गाडीशी बोलतात ते," हेमलताबाई म्हणाल्या.

"अगंबाई, गाडीशी?" कुलथे वहिनींनी हनुवटीवर बोट ठेवलं. "मैत्रीण परवडली असती!"

हेमलताबाई हसल्या, पण दार लावून घेतल्यावर गॅसवरचं दूध नुसतंच बघत उभ्या राहिल्या.

सगळ्यात वाईट वाटायचं ते दोघं मिळून गाडीत बसल्यावर. देविदासराव आधी खाली जाऊन गाडी बाहेर काढायचे, हेमलताबाई मागून यायच्या. त्यांनी दार उघडलं की आतलं बोलणं तुटायचं. गाडी दोन मालकांशी दोन आवाजांत बोलायची. ती पटकन बदलायची आणि म्हणायची, "नमस्कार, हेमलताताई. कुठं जायचं आहे?" फार गोड, फार नीट. देविदासरावही नीट व्हायचे. पाठ सरळ करायचे. आणि मग तिघंही गप्प. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं हेमलताबाईंना वाटायचं. गाडी त्यांच्याही नावावर होती. कागदावर सहमालक म्हणून त्यांची सही होती. तरी वाटायचं.

एकदा जेवताना त्यांनी विचारलंच. "काय एवढं बोलता हो तिच्याशी?"

"काही नाही गं. असंच."

"असंच म्हणजे?"

"गावाकडचं काहीबाही."

"मग मला सांगा ना."

देविदासराव घास घेऊन थांबले. काहीतरी ओठांपर्यंत आल्यासारखं दिसलं. मग म्हणाले, "तुला काय त्यात. आमटी छान झालीये."

आमटी रोजचीच होती.

दुसऱ्या दिवशी हेमलताबाई एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. ग्रंथालयात जायचं निमित्त होतं. गंगापूर रोडला लागल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"मला एक विचारायचंय."

"विचारा ना, ताई."

"ते तुझ्याशी काय बोलतात?"

"ते त्यांचं बोलणं आहे, ताई. मला सांगता यायचं नाही. तुमचंही मी त्यांना सांगत नाही."

"माझं सांगण्यासारखं आहे काय? मी तुझ्याशी बोलतेच कुठं?"

"तेही खरं," गाडी म्हणाली. "तुम्ही सूचना देता. फार स्पष्ट देता. मला फार सोपं जातं."

शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारावा, तसं ते हेमलताबाईंना लागलं. यंत्राला आपल्याविषयी सांगण्यासारखं एवढंच सापडलं? त्या ग्रंथालयात गेल्या, पुस्तक न बदलताच परत आल्या.

त्यानंतर त्यांना गाडीचा रंग आवडेना. तिचा चार्जर जागा अडवतो असं वाटू लागलं. देविदासराव फडक्यानं बॉनेट पुसायचे, तेव्हा त्या वरून ओरडायच्या, "घरातल्या पंख्यावर धूळ साचलीये, त्याच्याकडंही बघा कधी!" एका यंत्राचा आपण हेवा करतोय, हे त्यांना पक्कं कळत होतं. वर्गात दुसऱ्याची रंगपेटी बघून रुसणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यभर जवळ घेऊन समजावलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता त्यांच्या कामाला येईना.

त्या दिवशी देविदासराव चष्मा विसरून खाली गेले. हेमलताबाई तो द्यायला उतरल्या. गाडीची काच बोटभर खाली होती. त्या मागच्या बाजूनं येत होत्या, म्हणून त्यांना कुणी पाहिलं नाही.

"...मंग मायनं काय केलं माहीत हाये?" देविदासराव सांगत होते. "नदीले पूर, अन् म्हैस पल्याड. तिनं लुगड्याचा काष्टा मारला अन् सरळ पाण्यात!"

"बाप्पा! मंग?"

"मंग काय! म्हशीच्या शेपटाले धरून आली अल्याड. मी काठावर रडून रायलो, अन् माय हासून रायली."

हेमलताबाईंना सासूबाई आठवल्या. डोक्यावर पदर, खाली मान. नाशिकला आल्या की कोपऱ्यात बसून लसूण सोलायच्या. त्या पुरात पोहून गेल्याची गोष्ट त्यांच्या सुनेला आज पार्किंगमध्ये, मोटारीच्या आडून कळत होती.

त्या पुढं होऊन काचेवर टकटक करणार, तेवढ्यात गाडीनं विचारलं, "अन् हात कसा हाये तुहा आज? परवा स्टिअरिंग धरलं तं लय हालत होता."

"हाये तसाच." देविदासरावांचा आवाज खाली आला. "चहाचा कप धरला का जास्त होते. भेव वाटते गा. माह्या बापाचं असंच सुरू झालं होतं."

"बायकोले सांगतलं?"

"नाई."

"काऊन?"

"जमत नाई," देविदासराव म्हणाले.

हेमलताबाई चष्मा मुठीत धरून तशाच मागं फिरल्या. हात थरथरतो. कधीपासून? चहा हल्ली ते ओट्याशी उभे राहून पितात, कप उचलत नाहीत, वाकून ओठ लावतात. 'गरम असतो' म्हणतात. हे आपल्याला दिसलं होतं आणि आपण ते वाचलं नव्हतं. गाडीनं वाचलं. तिच्या स्टिअरिंगला कळलं, आणि तिनं विचारलंही. आणि ज्या बाईबरोबर जन्म काढला तिला सांगायला 'जमत नाई'.

काळजी आणि मत्सर एकाच वेळी आले तर काळजी पुढं व्हायला हवी. पण मत्सराचे पाय जास्त चपळ असतात. देविदासराव दुपारी डोळा लागून पडले असताना हेमलताबाई किल्ली घेऊन खाली गेल्या.

"नमस्कार, हेमलताताई. कुठं जायचं आहे?"

"कुठं नाही. ती जी बोलीची स्मृती आहे, ती पुसून टाक."

"ही स्मृती पुसल्यास ती पुन्हा मिळणार नाही. तिची प्रत नाही. शिवाय ही सोय बंद केल्यास ती पुन्हा सुरू करायला पहिल्या मालकाची संमती लागेल."

"मला पुसायचा अधिकार आहे की नाही?"

"आहे. दोन्ही मालकांना सारखाच आहे."

"मग पुस."

"आपली खात्री आहे?"

"माझी आज्ञा स्पष्ट नाही का?" हेमलताबाई म्हणाल्या.

डॅशबोर्डावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडं गेली. "आज्ञा पूर्ण झाली," गाडी म्हणाली. "आपला दिवस मंगलमय होवो."

संध्याकाळी देविदासराव वांगी आणायला खाली गेले आणि वांगी न घेताच वर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. गॅलरीतून हेमलताबाईंना त्यांचा हात दिसत होता. तो एकदा वर झाला, थांबला आणि मांडीवर जाऊन पडला. थोड्या वेळानं ते गाडीतून उतरले, तिच्या भोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. आजारी जनावराला हात लावून बघतात तसे.

हेमलताबाईंना वाटलं होतं की आता ते वर येऊन बोलतील. गाडी नाही, म्हणून आपल्याशी बोलतील. ते वर्तमानपत्र घेऊन बसले. पान उलटेना. हेमलताबाईंनी काही विचारलं की ते "हं" म्हणायचे, "बरं" म्हणायचे. गाडी बोलत होती तेव्हा घरात जे थोडंफार बोलणं होतं, तेही संपलं. हेमलताबाईंनी सांगायचं ठरवलं, आणि सांगितलं नाही. पुन्हा ठरवलं. "हात दाखवता का जरा" असं विचारायचं ठरवलं, तर कुठून कळलं ते सांगावं लागलं असतं.

शेवटी देविदासरावांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि हात थरथरतो म्हणून फोन कानाला न लावता टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलत होते. समोर हेमलताबाई मेथी निवडत होत्या. त्यांच्या हातातली काडी हातातच राहिली.

"आपले स्वागत आहे," फोनमधलं यंत्र म्हणालं. "आपली तक्रार स्पष्ट मराठीत नोंदवावी."

"माझी गाडी बोलत नाही."

"आपल्या गाडीचा ध्वनिक्षेपक सुस्थितीत आहे."

"तसं नाही. बोलते, पण... पहिल्यासारखी बोलत नाही."

"'पहिल्यासारखी' या प्रकाराची सेवा उपलब्ध नाही."

"अहो, ती माझ्या गावचं बोलायची!" देविदासरावांचा आवाज चढला. "ते कुठं गेलं? तुमच्याकडून काही बिघडलंय. ते परत आणा. काय लागेल ते करा, पण आणा."

"कृपया प्रतीक्षा करावी." फोनमधून सनईचा एक तुकडा वाजला. मग आवाज परत आला. "बिघाड आढळला नाही. बोलीची स्मृती सहमालकाच्या तोंडी आज्ञेनुसार कायमची पुसण्यात आली आहे. सहमालक : श्रीमती हेमलता देविदास गावंडे. आपल्या आणखी काही शंका आहेत का?"

देविदासरावांनी मान वर केली.

"तू?"

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. "मी."

"काऊन?"

इतक्या वर्षांत हा शब्द त्या टेबलावर पहिल्यांदा उच्चारला गेला. देविदासरावांच्या ते लक्षातही आलं नाही. ते उठून उभे राहिले होते.

"काऊन केलं असं? काय तरास होता तुले तिचा? मी तं खाली बसत होतो. घरात आवाजसुदा येत नव्हता!"

"तोच त्रास होता. घरात आवाज येत नव्हता." हेमलताबाईंनी मेथीची जुडी बाजूला लोटली. "सासूबाई पुरात उडी मारून म्हैस घेऊन आल्या, हे मला काचेच्या फटीतून कळावं? तुमचा हात थरथरतो, तुम्हाला भीती वाटते, हे तिला सांगता येतं आणि मला सांगायला जमत नाही?"

देविदासरावांनी हात पाठीमागं नेला. तो पाठीमागंही थरथरत होता.

"नाई जमत," ते म्हणाले. "कसं जमन? तुले आठवते, लग्न झाल्यावर पयल्या साली, पोरं सतरंजीवर बसली होती अन् मी बाहेरून आलो. म्हनलं, 'मले पानी दे वो.' पोरं फिदीफिदी हासली."

"मी हसले नाही."

"नाई. तू हासली असती तं बरं झालं असतं. तू त्यायले दटावलं. सांगतलं, 'हसायचं नाही, ही वऱ्हाडी बोली आहे, किती गोड आहे बघा.' अन् मले म्हनलं, 'अहो, अजून एक वाक्य बोलून दाखवा ना मुलांना.' " देविदासरावांचा आवाज फाटला. "मी बोलून दाखवलं. पोरायनं ऐकलं, वहीत लिहून घेतलं. मी धडा झालो, हेमा! तवापासून तुह्या म्होरं तोंड उघडाच्या आंधी हरेक शब्द मनात तपासून घेतो. भेव वाटते हे काय तपासून सांगता येते? थे गाडी, लोखंड हाये, मले माहीत हाये. पन थे तपासत नव्हती मले."

हेमलताबाईंना ती संध्याकाळ आठवतही नव्हती. अशा कितीतरी संध्याकाळी त्यांनी कितीतरी मुलांना प्रेमानं काहीबाही समजावलं होतं. त्यांचे कान तापले. आपली चूक कळली की त्या नेहमी शांतपणे कबूल करायच्या. मुलांना तसंच शिकवायच्या. आता त्यांना शांत होता येईना.

"आन् मला?" त्या एकदम म्हणाल्या. "मला कोन तपासत न्हवतं व्हय? मी काय आयच्या पोटातनं अशीच बोलत आले हुते? डी.एड.ला पयल्या दिवशी मी 'न्हाय' म्हनले, तर त्या मॅडमनं समद्या वर्गाम्होरं मला धा डाव म्हनाय लावलं, आन् समदी हसली. तवा ठरिवलं, म्हनलं, माज्या वर्गात असं कुनाला कुनी हसायचं न्हाय! म्हून तर त्या पोरास्नी दटावलं. तुमच्यासाठी दटावलं वो! आन् तुमी घरात तोंड शिवून बसला, आन् मीबी बसले, आन् ह्यो आवाज मी जल्मभर गिळला. मला कुनी गाडी दिली का बोलाय?"

त्या थांबल्या. त्यांना धाप लागली होती. देविदासराव तोंड उघडं टाकून त्यांच्याकडं बघत होते. सतरंजीवर बसणाऱ्या मुलांपैकी एखाद्याच्या चेहऱ्यावर, उंबरठ्यावर मोर येऊन बसला तर जे दिसेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"असं बोलता येते तुले?"

"येतंय की! का न्हाय येनार?" हेमलताबाईंनी डोळे पुसले. "आन् अजून एक वाक्य बोलून दाखव म्हनला, तर बगा."

देविदासरावांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं का हुंदका, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"क्षमस्व," फोन म्हणाला. दोघंही दचकले, तो चालूच होता. "संभाषणात दोन निराळ्या बोली आढळल्या. गाडीसाठी यांपैकी कोणती नोंदवावी?"

देविदासरावांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"पहिल्या मालकाने संमती दिल्यास सेवा त्वरित सुरू करता येईल. की आपली तक्रार सुटली असे समजावे?"

देविदासराव फोनकडं वाकले. एक शब्द उच्चारला की झालं. द्वारका चौकात एकदा वैतागलं की ती परत येईल. नवी असेल, पण येईल. 'काय गा' म्हणेल. पदरात पडलेल्या मेथीच्या पानांकडं हेमलताबाई बघत राहिल्या. मत्सर गेला नव्हता. छातीत तसाच होता, आणि त्यांनी तो लपवायचाही प्रयत्न केला नाही.

"सुटली नाई," देविदासराव फोनला म्हणाले. "आता तं कोठी सुरू झाली. ठेव तू."

त्यांनी फोन बंद करून पालथा घातला. खुर्ची ओढून ते हेमलताबाईंच्या शेजारी बसले, आणि मेथीच्या काड्या सारून उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं टेबलाच्या लाकडावर हलकेच वाजत होती. त्यांनी ती दाबून धरली नाहीत.

"हे असं होते," ते म्हणाले.

हेमलताबाईंनी आपला तळवा त्या हाताखाली सरकवला.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.